धाब्यामागची पेटती माती

यवतच्या बाजारात नारळ संपले.

भांडगावात हायवेवरच्या धाब्यामागं मातीनं पेट घेतला.

झुंबरबाईंच्या घटात गहू उगवेना.

शाळेतल्या शहाबानो बाईंनी पत्र्याचे दोन डबे धुऊन वाळत घातले.

झुंबरबाईंच्या नव्या सुनेला, सायलीला, यातल्या तिसऱ्या गोष्टीची धास्ती होती.

दोन हजार एकचं नवरात्र. ज्योतबाबा नावाचा बुवा धाब्यामागच्या खड्ड्यातली काळी माती पणतीत घाली, वात लावी, माती भडभड जळे. "आईनं डोळा उघडलाय. ही माती घटात घाला, सात पिढ्यांचं दळिद्र जळंल." रांग लावायला धाब्याचा मालक आण्णा. बाबा त्याचा मेहुणा. पण देव काय, मेहुण्याच्याही अंगात येतो, असं गाव म्हणे.

पाचव्या माळेलाही गहू गपगार. बाबानं डोळे मिटले. "नव्या सुनेचा पाय."

"दसऱ्याला हिला शिरूरला माहेरी घालवा," सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या.

सायली शेजारच्या शहाबानो बाईंकडं गेली. बाई विज्ञान शिकवायच्या.

"बाकीच्यांचे घट?" बाईंनी विचारलं.

"समद्यांचे उगवल्यात म्हणं."

"तू बघितलेस?"

"न्हाई. झाकल्यात. आत्याबाईंनी बी आमचा झाकलाय."

नवव्या माळेला बाईंनी एकाच दिवशी गहू पेरलेले दोन डबे रांगेसमोर मांडले. शेतातल्या मातीत हिरवेगार कोंब. बाबाच्या मातीत टक्कल.

"बाबा, माझ्या घरात सूनच न्हाई. कुणाचा पाय?"

"तुमचा धर्म येगळा. आई कशी पावंल?"

"मग शेजारच्या डब्यात कशी पावली?"

रांगेतून गिताबाई बोलल्या, "माझा बी उगवला न्हवता. गुपचूप शेतातली माती घातली, तवा उगवला."

"तू बी?" दुसरी म्हणाली. मग तिसरी. रांग हसायला लागली.

बाईंनी खड्ड्यातल्या पाण्यावरचा रंगीत तवंग काडीनं फाडला. तो पुन्हा सांधला. "हे तेल हाय. वास घ्या. आण्णा, डिझेलची टाकी कुठं पुरलीय?"

आण्णानं पायाखालच्या जमिनीकडं बोट केलं. टाकी गळत होती. बोभाटा नको म्हणून त्यानं मेहुण्याला बाबा बनवून आणला होता. तेल मुरलेली माती जळते, पण बियाला पाणी आणि हवा मिळू देत नाही. आणि खाली उतारावर गावाची विहीर.

"तेल कुठवर गेलंय ते बघू," बाई म्हणाल्या. "विहिरीपतोर जागोजागची माती घेऊ, तिच्यात गहू पेरू. घरटी एक डबा आणा."

झुंबरबाई सायलीकडं न बघता पुटपुटल्या, "दसऱ्याला कुठं जायाचं न्हाई. डबं धुवायला माणूस लागंल."

चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी नाक वापरा. आणि झाकलेला घट उघडून शेजारणीला दाखवा.

टाकी गळायला लागली, तेव्हा सायलीचं लग्नही ठरलं नव्हतं.