आत्याचा रुसवा

सुकन्यानं दुपट्यात गुंडाळलेली लेक पाळण्याखालून पुढं धरली आणि पलीकडून हात येण्याची वाट पाहत वाकून राहिली. पलीकडं तिची नणंद उभी होती, तुळजाबाई. बाळाची आत्या. खालून आलेलं बाळ तिनं घ्यायचं, पाळण्यावरून परत द्यायचं आणि मग कानात नाव सांगायचं. भोकरच्या त्या घरात फार वर्षांनी पाळणा टांगला होता.

तुळजाबाईचे हात पदराखालीच राहिले.

"घ्या की वन्सं."

आमवात आधी तुळजाबाईच्या बोटांत आला होता. सासरच्या गावात सगळ्यांनी त्याला वारं म्हटलं. सूज उतरली की ती गोळ्या बंद करून शेतात जायची. अशी वर्षं गेली. मग मनगटं धरली, मग खांदे. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, की सांध्यातली गादी झिजून आता हाडावर हाड घासतंय. हात वर उचलणाऱ्या दोऱ्याही विरल्यात. दुखणं कमी करता येईल, गेलेलं परत येणार नाही. आता तिची वेणी नवरा घालायचा. परवा तिच्या हातून भरलेला तांब्या सुटला. पायावर पाणी पडलं तेव्हा तिला कळलं.

नवरा, श्रीमंत, दाराशीच होता. त्यानं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, तसं त्यानं ते मिटलं. तिच्या हातांचं एकदा कळलं, की माहेरच्या या घरात कुणी तिच्याजवळ लेकरू देणार नव्हतं.

"मला न्हाई घ्यायचं," ती म्हणाली.

जमलेल्या बायकांतली शेजारची पारूबाई हसली.

"रुसली गं आत्या. साडी बघा कसली नेसवली तिला. मी बी रुसले असते."

तुळजाबाईनं अंगावरच्या साडीकडं पाहिलं.

"मग काय तर. एवढ्या वर्षांनी पोरगी झाली, अन् आत्याला हे?"

"आक्का, तूच फोनवर रंग सांगितलास की," तिचा भाऊ शिवशंकर म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

तो गाडी काढून बाजारात गेला आणि घामाघूम होऊन जरीकाठाची साडी घेऊन आला. तोवर तुळजाबाई भिंतीला टेकून, मांडी घालून बसली होती. सुकन्यानं साडी तिच्यासमोर ठेवली आणि बाळ मांडीवर दिलं.

"घ्या. आता तरी हसा."

बाळ ऊन ऊन होतं. तुळजाबाई कमरेतून वाकली, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि नाव सांगितलं. कुणाला ऐकू आलं नाही. तिला तसंच वाकून राहावंसं वाटलं. पण बाळ रडायला लागलं. पाय झाडत ते मांडीच्या कडेकडं सरकलं.

"खांद्यावर घ्या जरा," सुकन्या म्हणाली. "लगेच गप बसती."

तुळजाबाईची बोटं दुपट्यावर हलली.

"तूच घे."

"अजून राग गेला न्हाई, वन्सं?"

दाराशी श्रीमंतानं मान फिरवली.

"न्हाई," तुळजाबाई म्हणाली.