तळची पायरी

मिस्त्रींच्या जिन्यावर तीस वर्षांत कुणाचा पाय अडखळला नव्हता, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत. त्यामुळे शाळेने आठवड्यातले दोन दिवस सुतारकाम शिकायला दहावीतली एक मुलगी धाडली, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "वहीत रेघोट्या मारणारीला रंधा पेलतोय होय!" असं म्हणून त्यांनी तिचं नावच पेन्सिल ठेवलं. पोरगी हसली आणि भुसा झाडायला लागली. दोन महिन्यांत तिचा रंधा सरळ चालू लागला. पण तोंडावर कौतुक करणं मिस्त्रींच्या अगदी जिवावर यायचं.

शाळेचा नियम कडक होता. तीनदा वर्ग बुडवला किंवा मधेच सोडला, की मिस्त्रींच्या कारखान्यात येणं कायमचं बंद. पेन्सिलच्या दोन गैरहजेऱ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आधीच झाल्या होत्या.

त्या बुधवारी मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीच्या घरी जिना बसवायचा होता. ताईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. टेम्पो कारखान्याच्या दारात लागला, आणि त्याच्यामागून गणवेशातली पेन्सिल धापा टाकत आली.

"आज शाळा ना गं तुझी?"

"गणिताच्या तासाला आपल्या जिन्याचाच हिशोब करून पाहत होते, काका. ताईंकडे खाली फरशी अजून बसायचीय. सिमेंटसकट दोन इंच. ती आपण धरलीच नाही."

"मला शिकवतेस?" मिस्त्री कडाडले. मग त्यांनी टेप काढला, आणि तळच्या पायरीतून दोन इंच वजा करून पाहिले. सगळ्या पायऱ्या सात इंचांच्या आणि तळची तेवढी पाच! सवयीने उतरणाऱ्या पायाला जमीन आधीच लागली असती, आणि दणका थेट त्या गुडघ्यात.

"अगं, फोन करायचास!"

"तीनदा केला. करवत चालू असली की तुम्हाला काही ऐकू येतं का?"

"म्हणजे तुझी तिसरी गैरहजेरी..."

"झाली." तिचे डोळे भरले होते. "पण ताई पडल्या असत्या ना."

मिस्त्रींनी टेम्पो परत पाठवला आणि अंगावरच्या भुशासकट शाळा गाठली. चौथीत सोडल्यापासून कुठल्याच शाळेची पायरी ते चढले नव्हते. मुख्याध्यापिकाबाईंपुढे अडखळत त्यांनी पोरीची गैरहजेरी न लावण्याची विनंती केली.

"वर्गात नव्हती, तर कुठे होती ते लिहून द्या," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. घाम पुसत, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं: "बुधवारी ही माझ्याकडे कामावर होती. मला शिकवत होती. मी तिचा फार आभारी आहे."

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग हजेरीपट पुढे ओढून त्यांनी बुधवारच्या रकान्यात लिहिलं: हजर.