रेघेपलीकडचे मासे

आमच्या मासे निवडायच्या टेबलावर सतरा सेंटिमीटरला एक निळी रेघ आहे. हेरिंग मासा तिच्याशी लावून बघायचा. आखूड भरला तर परदेशी जाणाऱ्या खोक्यात, रेघ ओलांडली तर इथल्याच गिऱ्हाइकांना. वीस वर्षांपूर्वी होल्गरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती रेघ मारली तेव्हा मी विचारलं, "हे काय नवीन खूळ?" तर म्हणाला, "बाहेरच्यांना बारीकच लागतात. नखरे मेल्यांचे."

मी मनापासून हसले. एवढे जाडजूड, चरबीनं तुकतुकीत मासे सोडतात म्हणजे अक्कल गहाणच टाकलीय म्हटलं. बरंच झालं, आपण खाऊ!

आणि खाल्ले की! आमच्या किनाऱ्यावर रीतच आहे, पेटीतला सगळ्यात जाड मासा घरच्या लेकीचा. माझ्या आईनं मला घातला, मी माझ्या लेकीला, तूवाला घातला. राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळायचा, बाजूला कुस्करलेले बटाटे. गाबोळी निघाली तर तीही तिचीच. ती शहरात राहायला गेली तरी दर शुक्रवारी मी बसच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायची. तिला दिवस राहिले तेव्हा तर डबे दुप्पट केले. रेडिओवर कधीमधी माशांबद्दल काहीबाही सांगायचे, पण ते शहरातल्या भित्र्यांसाठी, असं म्हणून आम्ही बटण बंद करायचो.

आता तूवाची मुलगी सहा आठवड्यांची आहे. दवाखान्यात बाळंतिणींच्या दुधाची कसलीशी तपासणी चालली होती, तिनंही बाटलीभर दूध दिलं. मंगळवारी निकाल सांगायला बोलावलं, तेव्हा मी तिच्याकडेच होते, म्हणून मीही गेले.

"तूवा, तुम्ही आपल्या समुद्रातलं हेरिंग किती खाता?" नर्सनं विचारलं. इल्वा नाव तिचं.

"आठवड्यातून दोन-तीनदा. आई पाठवते."

"निवडून पाठवते," मी ताठ बसून म्हटलं. "सगळ्यात मोठे, चरबीवाले."

इल्वानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग तिनं सांगितलं, तूवाच्या दुधात विष निघालंय. किनाऱ्यावरच्या कागदाच्या कारखान्यांतून, धुराड्यांतून वर्षानुवर्षं जे विष समुद्रात गेलं, ते माशाच्या चरबीत साठतं. मासा जितका मोठा, जुना आणि जाड, तितकं जास्त. डायॉक्सिन म्हणतात त्याला. म्हणून बाहेरचे देश मोठं हेरिंग घेत नाहीत. आपल्या सरकारनं मात्र आपल्या लोकांना ते विकायची सवलत मागून घेतली. सोबत एक सूचना काढली, की मुलींनी आणि पुढे मूल होऊ शकेल अशा बायकांनी ते दोन-तीनदाच खावं.

"आठवड्यातून?" मी विचारलं.

"वर्षातून."

मी खुर्ची पुढे ओढली. "बरं, मग आता हे तिच्या अंगातून निघणार कसं?"

"हळूहळू. वर्षं जातात."

"लवकर निघायचा काही उपाय असेल ना?"

इल्वानं बाळाकडे पाहिलं. तूवाच्या छातीशी बाळ चुटूचुटू पीत होतं. "लवकर निघतं ते दुधातूनच," इल्वा म्हणाली आणि मग घाईघाईनं म्हणाली, की पाजणं मुळीच थांबवू नका, आईच्या दुधाचा फायदाच मोठा आहे, फक्त हे मासे बंद करा.

तूवानं बाळाला आणखी जवळ घेतलं. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आई, तुला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं गं. तुझी शपथ."

"आणि बाबांना?"

घरी पोचले तेव्हा होल्गर धक्क्यावर खोकी धूत होता. मी कोटसुद्धा काढला नाही. "ती रेघ कशाची आहे?"

त्यानं पाण्याचा पाइप बंद केला. "कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे माहीत होतं!"

"सगळ्याच मच्छीमारांना माहीत होतं. बैठकीत कागद वाटले होते. दुकानात लावला असता तर एक गिऱ्हाईक फिरकलं असतं का? अगं, ऑफिसात बसून काहीही लिहितात ते लोक. मी साठ वर्षं खातोय. मला काय धाड भरलीय?"

"तुला दूध येत नाही, होल्गर!"

त्यानं पाइप पुन्हा सुरू केला. मग खाली मान घालून पुन्हा खोकी धुवायला लागला.  मला तर तिथल्या तिथे सगळ्यांची गचांडी धरावीशी वाटली. परक्या देशातल्या बायकांसाठी हद्दीवर मासे अडवतात, आणि आमच्या लेकीबाळींसाठी काय, तर एक कागद! तोही बैठकीत बाप्यांच्या हातात द्यायचा, आणि त्यांनी घडी करून खिशात घालायचा. तळतो कोण, भरवतो कोण, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आणि मी? रेडिओचं बटण तर माझ्याच बोटांनी बंद केलं होतं. 

शनिवारी धक्क्यावर आमचं दुकान लागलं. एक तरुण बाई आली, सातवा महिना असावा. "एक किलो द्या," ती म्हणाली. "मोठे बघून."

होल्गरनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं मासे तराजूत टाकले. मी हात घालून ते परत पेटीत लोटले.

"गुनवोर, दुकान आहे हे," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"तुम्हाला हे मिळणार नाहीत," मी त्या बाईला म्हटलं. "यांच्यात विष आहे, ते बाळात उतरतं. त्याऐवजी कॉड मासा न्या, नाहीतर दवाखान्यात विचारून या."

ती लालबुंद झाली. "काहीतरीच काय बोलता! लहानपणापासून माझ्या आईनं मला हेच खाऊ घातलेत. आई कधी लेकीला विष घालेल का?"

"मी घातलं," मी म्हणाले.