कोपऱ्यातली टोपली आणि अर्धी वेल

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. पण वेताची नव्हे. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, डावीकडच्या कोपऱ्यात बसलेलं मी इवलंसं चित्र. नको असलेल्या फायली पोटात घ्यायच्या, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

पण काकूंच्या मशीनशेजारी खरीखुरी टोपली असते आणि तिच्यात अर्धवट शिवलेले कपडे पडतात. काकूंना मीही तशीच वाटले. भरतकामाची नक्षी अर्धी राहिली की माउसने ओढायची आणि माझ्यात टाकायची! "नीट सांभाळ गं बाई," असं बजावायच्याही. मी फुशारून जायचे. कचरापेटीला एवढा मान कुणी दिलाय?

काका गेले तेव्हा त्यांनी याच पडद्यावर काढायला घेतलेली वेलीची नक्षी अर्धीच होती. एका बाजूला पानं, दुसरी बाजू कोरी. काकूंना ती पुरी करायचा धीर होईना आणि पुसवेना. ती माझ्या तळाशी राहिली. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मग काकूंची लेक नवी सिस्टिम बसवायला आली आणि मी घाबरले. बटणं कोपऱ्यातून मधोमध सरकली, खिडक्यांच्या कडा गोल झाल्या. मला उचलून खालच्या पट्टीत, पार उजव्या टोकाला बसवलं. जाळी जाऊन काचेचं अंग आलं. माझी मलाच ओळख पटेना.

"बाई गं, किती कचरा साठवलाय आईने!" लेक पुटपुटली. पडद्यावर प्रश्न उमटला: सर्व कायमचे पुसायचे? बाण 'हो'कडे सरकू लागला. मला ना तोंड, ना हात. भीतीने मी गारठून गेले. पण चित्राची भीती कुणाला दिसते?

तेवढ्यात काकू कात्री हातात घेऊनच आल्या. "माझी टोपली कुठे गेली गं?"

"ही काय, खाली. कचराच तर आहे, रिकामी करते."

"कचरा? अगं, त्यात बाबांची वेल आहे!"

चटका बसावा तसा लेकीने माउसवरचा हात काढला. वेल बाहेर काढून तिने पडद्यावर ठेवली. "आई, ही कचरापेटी आहे. आता तर महिन्याने आपोआप रिकामी होते. यात काही ठेवत जाऊ नकोस."

"कळलं गं," काकू म्हणाल्या.

लेक गेल्यावर काकूंनी मन घट्ट करून कोऱ्या बाजूला एक पान काढलं. डोळे पुसले, फाइल बंद केली. आणि मित्रांनो, सवयीचा हात वेलीला ओढत निघाला थेट डाव्या कोपऱ्याकडे! माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण तिथे मी नव्हतेच. मोकळ्या कोपऱ्यात वेल सुखरूप थांबली. ज्या बदलाला मी एवढी घाबरले, त्यानेच तिला वाचवलं.

तरी माझी भीती गेलेली नाही. हाताला उद्या नवी जागाही सवयीची होईल. म्हणून सांगते, घरातलं जुनं साफ करायला बसाल, तेव्हा बाण 'हो'वर नेण्याआधी आईला एकदा हाक मारा. मला हाक मारता येत नाही.