ओढ्याचा रंग

गल्लीच्या मागून वाहणाऱ्या ओढ्याचा रंग रोज वेगळा असायचा. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता, आणि तिथे सकाळी जो रंग लागेल तो दुपारी गल्लीत हजर. "आज जांभळा," असं कुणीतरी मागच्या दारातून ओरडायचं, की बायका हंडे घेऊन लांबच्या नळावर निघायच्या, रांगेत भांडायच्या आणि कंबर धरून परत यायच्या. सुट्टीला कारखाना बंद, ओढा नितळ, आणि मग सगळी गल्ली ओढ्यावर तुटून पडायची. रंग दिसला तर हात लावायचा नाही, नितळ दिसलं तर भरून घ्यायचं. गल्लीला एवढंच शास्त्र ठाऊक होतं आणि ते आजवर कधी चुकलं नव्हतं.

रंगारी याच गल्लीतला. लग्नाआधीपासून तो कारखान्यात रंगाच्या हौदात काम करायचा, त्यामुळे हात कायम कोपरापर्यंत रंगलेले. "जेवायला वाढू, की धुवायला टाकू?" असं बायको विचारायची. मग एक दिवस मुकादमाने त्याला बाजूला घेतलं.

"परदेशातलं गिऱ्हाईक येतंय. सांडपाण्याच्या टाकीत ही पावडर टाकायची. रंग खाऊन टाकते."

"आणि पाण्यातलं बाकीचं रसायन?"

"बाकीचं कुणाला दिसतंय? तू फक्त तोंडाला कुलूप लाव."

काम हलकं होतं, हात कोरडे राहणार होते. रंगाऱ्याने कुलूप लावलं, आणि शहाण्याने ते घरी आल्यावरही काढलं नाही. टाकीतलं पाणी पुढे कुणाच्या दारात जातं हे त्याला काय माहीत नव्हतं? पण नव्या कामाच्या तोऱ्यात ते त्याच्या डोक्यातच आलं नाही.

परदेशी पाहुणे आले त्या दिवशी तो बिस्किटांचा पुडा घेऊन घरी निघाला. गल्लीत शिरला तर दारादारांत भरलेले हंडे.

"ये बाबा, आज पायपीट वाचली," आई खुशीत म्हणाली. "तुमचं मशीन बंद पडलं वाटतं. मध्येच ओढा नितळ आला. मीच सगळ्यांना हाका मारल्या."

"टिल्लीने प्यायलं?"

"पोटभर. आंघोळही घातली तिला."

टिल्ली म्हणजे त्याची लेक, नावासारखीच एवढीशी. रंगाऱ्याने घरातले हंडे उपडे केले आणि बाहेर धावला. "ओता! सगळं ओतून टाका!"

"डोकं फिरलं का तुझं? यात रंग कुठाय?" शेजारीण म्हणाली.

"रंग मी काढलाय."

हे समजून रागवायलाही लोकांना वेळ लागला. तोवर टिल्लीला उलट्या सुरू झाल्या होत्या. ती दवाखान्यातून जगून परत आली, पण पाठीची कातडी सोलपटून निघाली आणि भूक मेली ती मेलीच. रंगाऱ्याला स्वतःच्या कोरड्या हातांची शिसारी आली. आई त्याला काही बोलली नाही, कारण हाका तिने मारल्या होत्या.

पाहुणे मात्र पाण्यावर खूश होते. पावडर आता रोज टाकायची, असं ठरलं. गल्ली सावध झाली होती, पण ओढा काही गल्लीशी थांबत नाही, खाली आणखी वस्त्या होत्या. म्हणून रंगारी टाकीत पावडर टाकायचा, आणि पुढे पाइप जिथे ओढ्यात उघडतो तिथे गुपचूप लाल रंग ओतायचा. ओढा लाल व्हायचा आणि खालचे लोक लांब राहायचे.

पाहुणे पुन्हा आले ते फोटो काढायला. पाणी लालभडक.

"पावडर नासकी निघाली की काय?" मुकादम म्हणाला, आणि मग त्याचं लक्ष रंगाऱ्याच्या हाताकडे गेलं. त्याच दिवशी रंगाऱ्याला फाटकाबाहेर काढलं.

नव्या माणसाच्या हाती ओढा रोज नितळ वाहू लागला. रंगारी खालच्या वस्त्यांत दारोदार सांगत फिरला. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, नोकरी गेली म्हणून जळतोय.

सुट्टी आली. कारखाना बंद होता, पाणी खरोखर चांगलं होतं, पण गल्लीत कुणी हंडा काढला नाही. टिल्ली मागच्या दारात उभी राहून बराच वेळ ओढ्याकडे बघत होती.

"बाबा, आज अगदी नितळ आहे."

"हो."

"मग चला," टिल्ली छोटी कळशी उचलत म्हणाली, "लांबच्या नळावर."