बॉनेटवरचा आगाऊ

शिवांजलीला राग यायला कारण लागत नाही, असं तिची आई मंगल साऱ्या आळीत सांगते. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, फक्त ते दर वेळी हाताशी तयार असतं. पोपट घरी आला त्या दिवशी तर ते तिच्या अंगठ्यालाच लटकत होतं.

पोपट म्हणजे आपला हिरवा रावा नव्हे. केशरी-पिवळा, साळुंकीएवढा, परदेशी जातीचा, आणि चोच अशी की तिच्यापुढं अडकित्ता गरीब. घाटातल्या एका फोटो काढायच्या ठिकाणी तो लोकांच्या हातावर बसायच्या कामाला होता. साताऱ्यात पक्षी सांभाळणाऱ्या अंकिताताईंनी त्याला तिथून सोडवलं, बरं केलं, आणि शिवांजलीनं आईचं डोकं खाऊन खाऊन तो दत्तक घेतला. साताऱ्यापासून आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावापर्यंत एसटीत मांडीवर पिंजरा. कराडच्या स्टँडवर तिनं लाडानं आत हात घातला, "मिठू" म्हणाली, आणि मिठूनं अंगठा फोडला.

तिथंच त्याचं नाव आगाऊ पडलं.

घरी तर जत्राच. जो येईल तो पिंजऱ्याला तोंड लावून मिठू मिठू करायचा, आणि आगाऊ कोपऱ्यात अंग चोरून थरथरायचा. खाणं बंद. शिवांजलीनं अंकिताताईंना फोन लावून भांडणच काढलं, की तुम्ही मला बिघडलेला पक्षी दिला. ताई शांतपणे म्हणाल्या, पक्षी नाही, माणसं बिघडलेली होती. तिथं आधी असंच गोड बोलायचे, मग हातावर घेऊन त्याचा पाय अंगठ्याखाली दाबून धरायचे, फोटो होईपर्यंत. गोड आवाज आला की पाय दुखणार, एवढंच तो शिकलाय.

"त्याच्याकडं बघू नकोस, त्याला काही मागू नकोस," ताई म्हणाल्या. "पाठ करून बस आणि तुझं तू बोलत राहा."

गोड सोडून बाकी सगळं शिवांजलीला बोलता येत होतं. रोज शाळेतून आली की मागच्या सोप्यात पिंजऱ्याकडं पाठ करून बसायची आणि सुटायची. कबड्डीच्या संघातून तिला काढून सरपंचांच्या भाचीला घेतलं, त्यावर. विज्ञानाचे सर पोरींना प्रयोग लांबनं बघायला लावतात, त्यावर. चुलतभाऊ वीरधवल न विचारता सायकल नेतो आणि पंक्चर करून आणून लावतो, त्यावर तर रोजच. आणि शेवटी पप्पांवर.

पप्पा, म्हणजे हवालदार सयाजीराव, फौजेतून रिटायर होऊन कायमचे घरी येणार होते. गावाला त्याचं कोण कौतुक. शिवांजलीला मात्र पप्पा म्हणजे सुट्टीत उघडणारी काळी ट्रंक, आणि त्या ट्रंकेतून निघणारा फ्रॉक, जो दर वेळी लहान व्हायचा. कारण पप्पांच्या डोक्यात ती मागच्या सुट्टीएवढीच असायची. आता हा माणूस रोज घरात असणार, तर त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं ती आगाऊला विचारायची. म्हणजे भिंतीकडं बघून ओरडायची.

एके दिवशी वीरधवलचा उद्धार ऐन रंगात आला असताना तिच्या मानेवर काहीतरी टपकलं. तिनं हात लावून बघितलं. सूर्यफुलाच्या बीचं टरफल.

ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ पक्षी खात नाही, हे ताईंनीच सांगितलं होतं. शिवांजलीचे डोळे भरून आले, पण तिनं मान वळवली नाही की आवाज खाली आणला नाही. वीरधवलला आणखी जोरात शिव्या घातल्या. पुढं पुढं तर दार उघडं ठेवलं की आगाऊ खांद्यावर यायला लागला, वेणीचं रबर ओढायला लागला. हातावर तेवढा येत नव्हता. हात त्याला अजून मान्य नव्हता.

मग पप्पांची मिरवणूक ठरली. उघडी जीप, हार, गुलाल, वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत डीजे. सगळी सूत्रं वीरधवलकडं. शिवांजलीनं त्याला आधीच गाठलं आणि बजावलं, की आपल्या घरापुढं डीजे बंद पाहिजे, पाखराचं काळीज फाटंल. वीरधवलनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. तरी तिनं पिंजऱ्यावर पप्पांचं जुनं फौजी कांबळं टाकलं आणि मगच आईबरोबर औक्षणाचं ताट घेऊन देवळाकडं गेली.

डीजे आधी पोटात ऐकू आला, मग कानात. ताटातली निरांजनं थरथरायला लागली. गुलालाच्या ढगातनं जीप वळली. मागं पप्पा उभे, छातीवर पदकं, गळ्यात एवढे हार की हनुवटी दिसत नव्हती. आणि पुढं बॉनेटवर, भगव्या उपरण्यानं आवळून बांधलेला, पिंजरा.

आगाऊ तळाला पडून होता. पंख पसरलेले, चोच उघडी. दोन्ही बाजूंनी पोरं मोबाइल धरून ओरडत होती, मिठू, इकडं बघ, मिठू.

शिवांजलीनं ताट आईच्या हातात कोंबलं आणि सरळ चालत जाऊन जीपच्या पुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. ती बंपरवर चढली आणि दातांनी उपरण्याची गाठ सोडायला लागली. वीरधवल पळत आला.

"आगं, कलर बघ की त्याचा," तो म्हणाला. "भगवा हाय. कसलं शोभतंय, लय भारी रील झालंय."

"तुजा पाय धरू का रं अंगठ्याखाली? फोटो हुईपतूर?"

वीरधवलला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून तो दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात पप्पांनी हात वर केला आणि डीजे बंद पडला. त्यामुळं पुढचं सगळं साऱ्या गावाला ऐकू गेलं.

"आनि तुमी," शिवांजली म्हणाली. "तुमी तर म्होरंच बघत हुता. एका पाखराला असं बांधल्यालं दिसलं न्हाई तुमाला?"

सयाजीरावांनी हार बाजूला सारला. तोंड गुलालानं लाल, आवाज मात्र एकदम बारीक.

"मला वाटलं तूच ठेवलास," ते म्हणाले. "तुजी आई फोनवर म्हणायची, पोरगी त्या पाखराला कुणाला हात लावू देत न्हाई. म्हटलं, आज माझ्यासाठी म्होरं बसवलंय."

शिवांजलीचा राग तिथं ठेचकाळला. पण पडला नाही. ती पिंजरा छातीशी धरून गर्दीतून घराकडं निघाली. औक्षण एकट्या मंगलनं केलं. बायका कुजबुजल्या, पोरीला जरा जास्तच सुटं सोडलंय.

घरी आल्यावर ती चुकली. आगाऊच्या पिसांत गुलाल, छातीचा भाता चाललेला, ते बघून तिचा आवाज आपोआप मऊ झाला. "माझा राजा, माझं सोनं," म्हणत तिनं दोन्ही हात आत घातले. आगाऊनं जुन्याच अंगठ्यात चोच घातली ती हाडापर्यंत. त्याचं काय चुकलं? आजही आधी गोड आवाज आले होते.

ती हळद दाबून, पाठ करून बसली.

बऱ्याच वेळानं सोप्याच्या दारात पप्पा आले. हार काढलेले, बूट हातात. ते पिंजऱ्याकडं बघायला लागले तशी ती म्हणाली, बघू नका. मी काय करू, असं त्यांनी विचारलं. हवालदारानं कुणाला असं विचारलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"बसा. पिंजऱ्याकडं पाठ करून. मागं वळायचं न्हाई."

ते बसले, कणा ताठ.

"आता?"

"आता भांडायचं."

"कुणासंगं?"

"तुमच्यासंगं."

आणि तिनं फ्रॉकपासून सुरुवात केली. सगळे फ्रॉक. मग बक्षीस मिळालं तेव्हा फोनला रेंज नव्हती ते. मग ताप आला होता ते. सुट्टी संपायच्या आदल्या दिवसापासून पप्पा कसे आधीच गेल्यासारखे वागायचे ते. सयाजीरावांनी एकदाही सफाई दिली नाही. मधेच एकदा "व्हय" म्हणाले, एवढंच.

आगाऊनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी शिवांजली नसताना थोडं खाल्लं. पप्पा मात्र रोज तिच्या आधी येऊन, पाठ करून, बसलेले असायचे. तिचं फ्रॉकचं संपलं तेव्हा त्यांनीही तोंड उघडलं, कुठल्याशा बर्फातल्या चौकीवरच्या एका साहेबावर असे काही घसरले की आई चुलीपासून उठून बघायला आली. शिवांजलीला कळलं, हा राग आपल्याला कुठून आलाय ते.

त्या साहेबाचं चाललेलं असतानाच पप्पांच्या कॉलरवर टरफल पडलं. त्यांचा हात वर गेला. शिवांजलीनं मनगट धरलं. त्यांनी विचारलं नाही, वळले नाहीत, पहाऱ्यावर असल्यासारखे समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

मागं आणखी एक बी कडकन फुटलं.

आता इथं थांबायला हरकत नव्हती. पण शिवांजली कशाला थांबते. वीरधवलचा हिशोब तर अजून सुरूच व्हायचा होता.