एक पाऊल मागे

"कासिनेम आजी, पुढे व्हा. आजोबांसाठी थांबू नका," मी मैदानाच्या कडेवरून पुन्हा ओरडले.

"पुढे कशी होऊ गं पोरी? घरधनी मागे अन् बाई पुढे. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे हजला निघालेले, जावा बेटावरच्या आमच्या क्लातेनचेच म्हातारेकोतारे. त्यांना स्वतःचा श्वास पुरत नव्हता, ते काय बोलणार? हजला जायचं तर ही चालण्याची चाचणी पास व्हावी लागते; आरोग्य केंद्राची नर्स म्हणून मला एवढंच मोजायचं होतं, की सहा मिनिटांत कोण किती चालतं. सुतिक्नो आजोबा थोडं चालून छातीला हात लावत आणि आजी त्यांच्या एक पाऊल मागे उभ्या राहत. वेळ संपली तेव्हा दोघंही नापास.

साखर कारखान्याच्या भट्टीपुढे जन्म काढलेला माणूस. हजच्या यादीत नाव घालून वीसेक वर्षं दोघांनी वाट पाहिली होती. यंदा कुठे नंबर लागला होता.

"अंगात वारा भरलाय, दुसरं काही नाही," आजोबा म्हणाले.

तपासायला सदरा वर केला, तर पाठभर लाल पट्टे. छातीत दुखलं की वारा निघून जावा म्हणून आजी तेल लावून नाण्याने त्यांची पाठ घासायच्या. आमच्याकडे सगळेच घासतात, माझी आईसुद्धा. वर्षभर हृदयाचं दुखणं दोघांनी वारा समजून घासलं होतं. मला राग आला आणि रडूही आलं.

डॉक्टरबाईंनी हृदयाचा आलेख दोनदा पाहिला. "आजोबा, एवढ्याशा चालण्याने दम लागतो, म्हणजे हृदय थकलंय. मक्केच्या उन्हात, त्या गर्दीत मी तुम्हाला पाठवू शकत नाही."

"मग पुढच्या साली?"

बाईंनी आलेखाची घडी करून तो फायलीत ठेवला. आजोबांना कळायचं ते कळलं.

"मग मीही नाही जायची," आजी म्हणाल्या.

"तुला कोण विचारतंय? पोरी, हिला परत चालव. एकटीला."

थोडा विसावा देऊन मी आजींना पुन्हा उभं केलं. त्या मुद्दाम रेंगाळू लागल्या. चपलेतला खडा काय काढतील, ओढणी काय सारखी करतील. त्यांना नापासच व्हायचं होतं. आजोबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"अगं, सोंगं पुरे कर. मी नसलो तरी तुला चालायचंच आहे. नीट चाल."

आजी थांबल्या. ओढणीने तोंड पुसलं. मी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि त्या निघाल्या. मैदानाच्या टोकाला वळल्या, तरी वेग कमी झाला नाही. मागे एकदाही पाहिलं नाही.

आजोबांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला होता.

"बघ," ते हळूच म्हणाले, "केवढी भराभर चालते ही. मला कधी दिसलंच नाही."